सांधा मातीच्या वर

३ फेब्रुवारी

बदलीच्या गावी येऊन आठवडा झाला. खोली मिळाली ती सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. खाली दिवसभर पंप फुसफुसतो आणि रबराचा वास जिना चढून थेट माझ्या उशीपर्यंत येतो. बोलायला कोणी नाही. एकटीच बडबडताना कोणी पाहिलं तर उरलीसुरली अब्रूही जायची, म्हणून ही वही.

नोकरीचं नाव कृषी विस्तार. सासूबाई शेजारणींना सांगतात, "सून शेतकऱ्यांना शिकवते," आणि खरं म्हणजे तेच नाव बरोबर आहे. शिकवणं मला जमतं. घसा खणखणीत आहे आणि समोरच्याला जांभई द्यायची फुरसत मी देत नाही.

इथलं दुखणं म्हणजे मर. टोमॅटोला फुलं येतात, फळं धरतात, आणि एका दुपारी हिरवंगार झाड मान टाकतं. पाणी द्या, औषध मारा, उठत नाही. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. रोग मातीत आहे, फवारून जाणारा नाही. आज पहिली सभा घेतली. माणसं बरी जमली. मी बोलले, त्यांनी माना हलवल्या. कोणी एक शब्दही विचारला नाही, म्हणजे विषय नीट पोचला.

९ फेब्रुवारी

मामींच्या शेतावर गेले. त्या कोणाच्या मामी हे विचारायचं नाही. सगळं गाव त्यांना मामी म्हणतं, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्या आणि मुलगा. मुलगा काडीसारखा, म्हणून अर्थातच त्याला सगळे पैलवान म्हणतात.

मागच्या हंगामात पडलेल्या बियांचं एक झाड बांधाला आपसूक उगवलेलं होतं, तेही मरतच होतं. त्याचा दांडा कापून मी काचेच्या ग्लासात पाण्यात धरला. कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली सुटली. मामी वाकून बघत राहिल्या.

"हे काय निघालं?"

"रोग. हाच आत भरतो आणि पाणी वर जाऊ देत नाही."

"म्हणजे माती बाटली आमची."

"माती वाईट नाही मामी. टोमॅटोचं मूळ कच्चं आहे. त्याला दुसऱ्याचे पाय लावायचे."

मग मी कलमाचं सांगितलं. खाली रानवांग्याचं मूळ, ज्याला हा रोग होत नाही, आणि वर आपला टोमॅटो. पैलवान दाराशी उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, हे शेवटचं. बंदरावरच्या शीतगोदामात माझा दोस्त आहे, तो जागा धरून बसलाय. या वेळी झाडं गेली तर मीही गेलो. आईला सांगून ठेवलंय."

"जा की," मामी म्हणाल्या. "मी काय तुला दावं लावलंय?" आणि स्वच्छ धुतलेला ग्लास पुन्हा धुवायला घेतला.

मला पोरगा आवडला. हा गेला तर ही बाई या घरात एकटी कशी राहील, हा विचार बसमध्येही डोक्यातून जाईना. मी मनाशी ठरवलं, याला जाऊ द्यायचं नाही.

१७ फेब्रुवारी

प्रशिक्षणाला गेले होते, आज परत. शिकवणारा तुळतुळीत टकलाचा, अखंड बोलणारा गृहस्थ. पण हात असा की बघत राहावं. दोन्ही रोपांना ब्लेडने तिरपा छेद, टोकाला टोक, चिमटा लावला की झालं. मग प्लास्टिकच्या तंबूत, अंधारात, दमट हवेत काही दिवस. माझी कलमं सगळ्यांत चांगली झाली. तसं तो म्हणाला, मी म्हणत नाही.

निघताना बसच्या दारापर्यंत आला आणि खिडकीतून ओरडला, "सांधा मातीच्या वर ठेवा बरं का! चार बोटं तरी! नाहीतर वरचा टोमॅटो स्वतःची मुळं सोडेल आणि सगळं केलेलं पाण्यात!" आता हे काय सांगायला हवं? ज्याने कलम बांधलं त्याला एवढं समजणारच. काही लोकांना बोलणं थांबवताच येत नाही.

२८ फेब्रुवारी

प्रशिक्षण केंद्रातून आलेल्या रोपांची मामींच्या मागच्या पडवीत कलमं बांधली. गावातले दहा-बारा जण शिकायला आले होते. पण हात म्हणजे काय एकेकाचे! कुदळ धरणारे ते हात, ब्लेडखाली रोप आलं की थरथरायला लागतात. पहिली पाच-सहा रोपं मोडल्यावर मी ब्लेड काढून घेतलं. रोपं काय वाटेल तेवढी आहेत? म्हटलं, तुम्ही बघा, मी करते. दिवसभर मान खाली घालून सगळी मीच बांधली. लोक थोडा वेळ बघून गेले. जाताना सगळ्यांनी "कळलं, कळलं" म्हटलं.

मामी शेवटपर्यंत चिमटे पुढे करत बसल्या. मधेच म्हणाल्या, "एक मी करून बघू?" करू दिलं. वाकडं झालं होतं, मी ते सोडवून पुन्हा नीट बांधलं. मग त्यांनी काही मागितलं नाही.

पाठीचा खुळखुळा झालाय. घरी फोन केला. लेकीला अभ्यासाचं वेळापत्रक सांगितलं, केस बांधून बस म्हटलं, दूध पी म्हटलं. "हो आई, हो आई." गुणी पोर आहे. शाळामास्तर नवरा मात्र म्हणाला, "तू तिला काही विचारत का नाहीस?" म्हटलं, विचारलं की! दूध प्यायलीस का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तू विचारतेस तेव्हासुद्धा सांगतच असतेस." मास्तर लोकांना शब्दांचे खेळ करायला वेळ असतो.

७ मार्च

तंबू उघडला. जगली! बहुतेक सगळी जगली! मामी बाळंतिणीच्या खोलीत डोकावावं तशा आत डोकावल्या आणि मला म्हणाल्या, "हळू बोला." मी खरोखरच हळू बोलले. पैलवानाने एक रोप तळहातावर घेतलं, सांध्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "खाली वांगं आणि वर टोमॅटो. आमच्या घरातही असंच आहे, खाली आई आणि वर मी." मामींनी त्याला चापट मारली. फार दिवसांनी इतकी हसले.

१५ मार्च

आज रोपं वाटली. सभेला अख्खं गाव. वरच्या साहेबांनी फोटो मागवलेत, "हसरे शेतकरी हवेत" असं बजावून. आता हसरे कुठून आणू, या विवंचनेत होते, पण ते कामही आपसूक झालं.

गावात एक वकील आहे. कोर्टाचं तोंड पाहिलेलं नाही, पण कशालाही फाटे फोडतो म्हणून हे नाव. माझं तासभर बोलणं झालं, लोक उठायला लागले, तेवढ्यात हा हात वर करून म्हणतो, "मॅडम, रोप किती खोल लावायचं ते नाही सांगितलं."

मी दमले होते. शिवाय त्याने आधीच रानवांग्याच्या जातीपासून चिमट्याच्या रंगापर्यंत सगळ्यावर शंका काढल्या होत्या. म्हटलं, "वकीलसाहेब, जन्म गेला तुमचा टोमॅटोत. आता लावायचं कसं तेही मीच शिकवू? नेहमी लावता तसं लावा!"

असा हशा पिकला! मागच्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. वकिलाचं तोंड एवढंसं झालं. फोटोही नेमका तेव्हाच निघाला, साहेब खूष होणार. मला पहिल्यांदाच वाटलं, ही माणसं आता माझी झाली.

२२ मार्च

शेतं फिरून आले. जीप सगळीकडे जात नाही, म्हणून जिथे बांधावरून दिसलं तिथे बांधावरूनच बघितलं. सगळीकडे लावणी झाली.

मामींचं शेत मात्र जवळून पाहिलं. काय निगुतीने लावलंय! रोपं ठेंगणी, ठसठशीत, फक्त शेंड्याची पानं वर आणि भोवती मातीची गोल आळी. मामी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी रोपाच्या गळ्याशी माती ओढत होत्या, थोपटत होत्या. पैलवान पलीकडच्या ओळीत तेच करत होता. मी म्हटलं, "मामी, पोराला पांघरूण घालताय जणू." त्या म्हणाल्या, "तुमच्या हातची आहेत. जपायला नको?" अशी माणसं असली की काम करावंसं वाटतं.

वकिलाच्या शेताकडे गेले नाही. कशाला सकाळ खराब करा.

१४ एप्रिल

फुलं आलीत. पैलवानाने नव्या काठ्या आणल्या, सुतळी बांधली. शीतगोदामाचं नाव काढत नाही. मला म्हणाला, पुढच्या वर्षी पलीकडचा पडीक तुकडाही घ्यावा म्हणतो. मामी ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या, पण मला निरोप द्यायला आज पार रस्त्यापर्यंत आल्या.

२ मे

मामींच्या शेतात सहा झाडांनी माना टाकल्या. ऊन फार आहे. पाणी कमी पडलं असणार. तसंच सांगून आले.

३ मे

ऊन नाही. ग्लास घेऊन गेले होते. धार सुटली. मामी या वेळी वाकल्या नाहीत, उभ्यानेच बघितलं. पैलवानाने सुतळीचा गुंडा खाली ठेवला आणि घरात गेला.

८ मे

आता सगळीकडून तेच. रोज कोणीतरी ऑफिसच्या दारात उपटलेलं झाड आणून टाकतं. भांडत कोणी नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. "तुमचा काय दोष मॅडम, आमची मातीच तशी," म्हणतात आणि जातात.

टकलू गृहस्थाला फोन लावला. म्हटलं, तुमचं रानवांग्याचं बी भेसळीचं निघालं. तो शांतपणे म्हणाला, "सांधा मातीच्या वर होता ना?"

मी म्हटलं, अर्थात!

काय समजतो स्वतःला? एवढी वर्षं नोकरी झाली माझी.

वरचे साहेब म्हणाले, "शेतकऱ्यांनी नीट काळजी घेतली नाही असं कळवून मोकळ्या व्हा." मामींनी काळजी घेतली नाही? असा संताप आला की फोन ठेवून दिला. पण मग काय कळवायचं ते सुचेना.

१५ मे

पैलवान गेला.

सकाळच्या बसने जाणार आहे हे मला खालच्या दुकानदाराने सांगितलं. जाऊ की नको करत शेवटी गेले. मामी आणि तो थांब्यावर बाजूबाजूला उभे होते, पिशवी मधे. मामी त्याला सांगत होत्या, तिथे गार असतं, कान बांधत जा, ओल्या पायांनी आत जाऊ नको. तो "हो, हो" करत होता. मला पाहून हसला. "मॅडम, तुम्ही फार केलंत. आमच्याच मातीत नव्हतं."

बस गेल्यावर मामी तिथेच उभ्या. मी सांगायला लागले, की पुढच्या हंगामात पीक बदला, मका घ्या, माती तपासून घेऊ. मी बोलतच राहिले. त्यांनी मान हलवली. तीच मान, जी पहिल्या सभेत सगळ्यांनी हलवली होती. घरी येताना ती मान डोळ्यांसमोरून हलेना. "हो" म्हणजे दर वेळी "कळलं" नसतं की काय?

२० मे

आज दुकानदार ट्यूबला ठिगळ लावता लावता म्हणाला, "वकिलाचे टोमॅटो बाजारात आलेत. लालभडक."

"कोणाचे?"

"वकिलाचे. तुमच्याच कलमांचे. तुम्ही गेला नाहीत बघायला?"

गेले नव्हते. एकदाही.

२१ मे

गेले. झाडं छातीएवढी, फळांनी वाकलेली. बांधापलीकडे शेजाऱ्याचं शेत उघडं पडलंय, तीच माती, तेच पाणी. वकील काठ्या ठोकत होता. मला बघून थांबला नाही.

म्हटलं, "तुम्ही काय केलंत वेगळं?"

"मी कशाला काय करतोय? मला टोमॅटो लावायला येत नाहीत. त्यावर गाव हसलंय."

"तसं नाही वकीलसाहेब, खरंच विचारतेय. सांगा मला."

मग काठी टेकवून उभा राहिला. "तुम्ही म्हणालात, नेहमीसारखं लावा. सगळे हसले. मी म्हटलं, ठीक आहे. जीव गेला तरी नेहमीसारखं लावणार नाही. नेहमी आम्ही टोमॅटो गळ्यापर्यंत गाडतो. मी वरच्यावर लावलं. नेहमी बुंध्याला मातीची भर देतो, मी दिली नाही. बायको म्हणाली, वाऱ्याने लोळतील. म्हटलं लोळू देत, हसलेत ना मला?"

मी खाली बसले. त्याच्या झाडाच्या बुंध्याशी तो सांधा होता, गाठीसारखा सुजलेला, मातीच्या चांगला चार बोटं वर.

"काय झालं मॅडम? चक्कर आली का?" त्याने खरोखर पाणी आणून दिलं. वाईट माणूस नाही तो.

२२ मे

कामावर गेले नाही. बसच्या खिडकीपाशी ओरडणारा तो माणूस सारखा आठवतो. मला वाटलं होतं, कलम बांधणाऱ्याला हे समजतंच. पण कलमं बांधली मी. एकट्या मीच. ब्लेड त्यांच्या हातातून काढून घेतलं, आणि समजलं ते फक्त मला. आणि विचारलं एकाने, तर त्याला चारचौघांत हसवून गप्प केलं. तेही फोटोत आहे.

पांघरूण घालताय जणू, असं मी म्हटलं होतं. डोळ्यांदेखत गाडत होती ती माणसं, आणि मी कौतुक करून आले.

२४ मे

मामींकडे गेले. कुठून सुरू करावं समजेना, म्हणून म्हटलं, "मामी, टोमॅटो कसा लावता ते मला दाखवा."

त्यांना गंमत वाटली. "तुम्हाला? मी?" पण उठल्या. टोमॅटोचं नव्हतं म्हणून कुंपणाजवळचं मिरचीचं एक रोप उपटून आणलं, हाताने खड्डा केला. "हे असं. आत जितकं घालाल तितकं ते धरतं. बुंध्यालाही मुळं फुटतात ना त्याला, मग बळ येतं. मान तेवढी बाहेर. सासूबाईंनी शिकवलं मला हे, आणि मी त्याला." पंधरा वर्षांच्या नोकरीत मी कोणाला असं विचारलं नव्हतं.

मग मी त्यांच्या शेतातलं एक मेलेलं झाड खणून काढलं. माती झटकली. खाली रानवांग्याची मुळं, धडधाकट. मधे सांधा. आणि सांध्याच्या वर, बुंध्याभोवती, टोमॅटोची मुळं, दाट दाढीसारखी. एवढी होती की मामींनी किती माती चढवली असेल ते त्यावरूनच दिसावं. मी सगळं समजावून सांगितलं. रोग कुठून शिरला ते दाखवलं.

त्यांनी ते झाड माझ्या हातातून घेतलं.

"म्हणजे मी जास्त माती दिली म्हणून."

"तुम्ही नाही मामी! मी सांगितलं नाही. खोल लावू नका हे मी सांगायला हवं होतं. उलट नेहमीसारखं लावा म्हटलं."

"तुम्ही सांगितलं असेल. माझंच लक्ष नसेल."

"नाही सांगितलं मी."

"सांगितलं असेल हो. एवढं शिकलेल्या तुम्ही. मला आताशा ऐकू कमी येतं."

कितीही म्हटलं तरी ऐकेनात. मी रडायला लागले, तर त्यांनीच पदराने माझ्या हातावरची माती पुसली. मग म्हणाल्या, "त्याला सांगू नका."

"मामी, उलट त्याला कळायला हवं. माती चांगली आहे. टोमॅटो होतो इथे. कळलं तर तो परत येईल."

"त्या पलीकडच्या चार ओळी त्याने भरल्या होत्या. त्याच्या हाताने. मी म्हटलं, अजून घाल, अजून घाल. तो म्हणत होता, पुरे आई." झाड खाली ठेवलं. "मातीत नव्हतं, असं वाटतंय ना त्याला, ते बरं आहे. मातीवर राग धरून माणूस जगतो. आईवर धरून कसा जगेल, आणि स्वतःवर तर नकोच."

मी शब्द दिला.

१० जून

आज गावात सगळ्यांना बोलावून सांगितलं, चूक माझी होती. वकिलाची माफी मागितली. तो म्हणाला, "ते जाऊ द्या, पण माफीची वेळ चुकली, लोक जेवायला निघालेत." कोणी हसलं नाही. मामी मागे बसल्या होत्या, खाली बघत. त्यांना मी सांगितलेलं नको होतं, असं वाटलं.

७ ऑगस्ट

दुसरी लावणी. या वेळी कलमं त्यांनी बांधली, मी हात पाठीमागे धरून उभी राहिले. फार मोडली, मोडू दिली. मामींनी बांधलेली वाकडी होती आणि सगळी जगली.

मग रोपं हातात देऊन म्हटलं, मी काही बोलणार नाही, लावून दाखवा. सगळं सांगून, माफी मागून झाल्यावरसुद्धा निम्म्या लोकांनी गळ्यापर्यंत गाडली! हात आपोआप माती ओढतात. एकेकाला उकरून पुन्हा लावायला लावलं, तीन-तीनदा.

मामींनी पहिल्यांदाच बरोबर लावली. ओळीच्या टोकाला उभ्या राहून बघत होत्या. बारीक दांडे, गाठ वर, खाली नुसती सपाट जमीन.

"उघडी वाटतात हो," म्हणाल्या.

२३ ऑक्टोबर

मामींची झाडं उभी आहेत. फळं लालीवर आली. आज मी तिथे असतानाच पैलवानाचा फोन आला. मामींना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो, सगळं मला ऐकू आलं. तिथलं यंत्र मागे घरघरत होतं.

"या वेळी कशी काय जगली गं?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "नशीब. दुसरं काय."

तो हसला. "बघ म्हणजे. मी होतो तोवर मेली, मी निघालो आणि लागली. माझाच पायगुण वाईट."

"असं नको बोलू."

"गंमत गं. बरं, मला इथे कायम केलंय. आता काळजी नको."

"बरं झालं बाळा. कान बांधतोस ना?"

फोन ठेवल्यावर मामी मला म्हणाल्या, "पायगुण म्हणाला तो." आणि शेतात गेल्या. मागे वळून बघितलं तर त्या एकेका झाडाशी वाकून बोटांनी बुंध्यापासून माती मागे सारत होत्या. माती तिथे नव्हतीच.

२४ ऑक्टोबर

दिलेला शब्द मोडला. सकाळी पैलवानाला फोन केला. पायगुणाचं ओझं घेऊन त्याला त्या गारठ्यात राहू द्यावं, एवढं मला झेपलं नाही.

त्याला आधी विचारलं, तुझ्या चार ओळी कशा लावल्या होत्यास. त्याने अगदी हौसेने सांगितलं, मान तेवढी बाहेर. मग मी सांगितलं. सांधा, मुळं, माझं बोलणं, गावाचं हसणं. मागे यंत्र घरघरत होतं.

मग विचारलं, "आईला माहीत आहे हे?"

"हो."

"केव्हापासून?"

"तू गेलास त्यानंतर लगेच."

मी म्हटलं, "तू परत ये. माती चांगली आहे तुमची. होतं इथे."

"नाही मॅडम. आता आलो तर तिला कळेल की मला कळलंय. अजून घाल, अजून घाल म्हणत होती ती. मी आलो की रोज तेच आठवेल तिला. तुम्ही सांगितलं हे तिला सांगू नका. नशीब म्हणाली ना? तसंच राहू दे."

याही वेळी मी हो म्हटलं.

दुपारी लेकीला फोन केला. दूध, वेळापत्रक काही काढलं नाही. म्हटलं, तू सांग आज, कशी आहेस, मी ऐकते. ती म्हणाली, "काही नाही आई. तू सांग ना."

संध्याकाळी मामींनी टोपलीभर टोमॅटो पाठवले. पिकलेले, घट्ट, देठासकट. खिडकीत मांडून ठेवलेत. अजून एकही चिरवत नाही.